घरगुती सोल्डरिंग स्टेशन चुकीचं तापमान दाखवतंय? आधी मिलिव्होल्ट मोजा

घरी केलेलं सोल्डरिंग स्टेशन नीट चालेना की पहिला संशय प्रोग्रामवर जातो आणि पीआयडीचे (हीटरला किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या हिशोबाचे) आकडे बदलण्यात अख्खी संध्याकाळ जाते. बोर्ड तापमान खरं मोजतोय याची खात्री पटेपर्यंत प्रोग्रामला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या जोडाचा तापमान-सेन्सर, एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं आणि त्याच बोर्डवरून हीटरचे दोन अँपिअर धावत असतात. बहुतेक बिघाड या शेजारातूनच उगवतात.

इथे नेहमीचा बोर्ड धरला आहे: २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो नॅनो, सेन्सरचा सिग्नल मोठा करणारा ऑप-अँप एलएम३५८, हीटर चालू-बंद करायला त्याच्या मायनस बाजूला एन-चॅनल मॉसफेट आणि हाको कंपनीच्या ९०७ पद्धतीचं हँडल.

सुरुवात हँडलपासून करा. पाच वायरी असतात: दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक अर्थिंगची. रंगांवर आणि कनेक्टरच्या पिनांच्या क्रमावर विसंबू नका, नकली हँडलमध्ये ते हवे तसे बदलतात. बिट थंड असताना मीटर लावा. हाकोच्या मूळ हीटरमध्ये सेन्सर ४३ ते ५८ ओहम आणि हीटर २.५ ते ३.५ ओहम दाखवतो. हा सेन्सर थर्मिस्टर आहे, म्हणजे तापमानाबरोबर त्याचा रोध बदलतो; थर्मोकपलच्या सर्किटला तो चालणारच नाही. शिवाय ३ ओहमचा थंड हीटर २४ व्होल्टवर ८ अँपिअर मागतो. ३ अँपिअरचा एसएमपीएस मग बंद-चालू होत राहतो, डिस्प्ले लुकलुकतो आणि आपण उगाच नॅनोला दोष देतो. थर्मोकपलच्या हँडलमध्ये सेन्सर दोन-चार ओहमचा आणि हीटर साधारण १० ते १४ ओहमचा असतो. खात्रीसाठी मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून बिटला लायटर दाखवा. आकडा चढला तर थर्मोकपल जिवंत आहे, आणि प्लस कुठली तेही कळलं. ती उलटी जोडली गेली तर बिट लाल होईपर्यंत डिस्प्ले खोलीचंच तापमान दाखवत राहतो.

आता हँडल बाजूला ठेवा. हीटरच्या जागी ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा. ऑटो स्पेअर्सच्या कुठल्याही दुकानात तो मिळतो आणि या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. नॅनो सॉकेटमधून काढून सप्लाय द्या. बल्ब पूर्ण विझलेला हवा. पेटला तर मॉसफेटची गेट (नियंत्रणाची पिन) सोर्स पिनला टेकवा. बल्ब विझला तर गेट शून्यावर धरणारा १० किलोओहमचा पुलडाऊन रेझिस्टर नाही किंवा सुटलाय. तरीही पेटलेलाच राहिला तर मॉसफेट शॉर्ट आहे, बदला. पुलडाऊन नसेल तर नॅनो रीसेट होताना गेट तरंगती राहते आणि तेवढ्या वेळात हीटर पूर्ण जोराने तापू शकतो. नॅनोने चालू केल्यावर बल्ब मंद पेटतो आणि मॉसफेटला हात लावताच चटका बसतो अशी स्थिती असेल, तर त्यावरचा नंबर वाचा. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात, नॅनो देतो ५. तिथे आयआरएलझेड४४एन हवा. दुकानात एकाच्या जागी दुसरा सर्रास हातात पडतो, मग दुकान लॅमिंग्टन रोडचं असो वा पुण्याच्या बुधवार पेठेतलं.

खरा गाभा पुढे आहे. नॅनो परत बसवा आणि थर्मोकपलच्या जागी खोटं थर्मोकपल लावा: ५ व्होल्टपासून १० किलोओहम, तिथून सेन्सरच्या ग्राउंड पिनवर २७ ओहम, दोन्ही एक टक्क्याचे. मधल्या जोडावर १३.४६ मिलिव्होल्ट मिळतात. थर्मोकपल फक्त खोलीपेक्षा जास्तीचं तापमान सांगतं, खोलीचं प्रोग्राम त्यात मिळवतो; म्हणून खोली २५ अंशांवर असेल तर डिस्प्लेवर ३५४ च्या आसपास यायला हवं. २७ च्या जागी १० ओहम लावलात तर १४६ च्या जवळपास, आणि इनपुट थेट ग्राउंडला टेकवलंत तर खोलीचं तापमान. २२० किलोओहम आणि १ किलोओहमने गेन २२१ ठेवला असेल, म्हणजे सिग्नल २२१ पट होत असेल, तर ऑप-अँपच्या आउटपुटला अनुक्रमे २.९७ व्होल्ट, १.१० व्होल्ट आणि जवळजवळ शून्य दिसेल.

तिन्ही आकडे सारख्याच फरकाने चुकत असतील तर दोष एलएम३५८ च्या ऑफसेटचा, म्हणजे इनपुटलाच मिसळणाऱ्या ठरावीक चुकीचा. त्याची कमाल मर्यादा ७ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे तब्बल १७० अंश! ऑफसेट प्लस असेल तर प्रोग्राममध्ये वजा करता येतो. मायनस असेल तर आउटपुट शून्यावर चिकटून बसतं. उणे ३ मिलिव्होल्टला बिट ९८ अंशांपर्यंत पोचेतो डिस्प्ले हलतच नाही. अशी चिप काढून दुसरी लावून बघा. ओपी०७ चा ऑफसेट कमी आहे म्हणून तो लावू नका, एकाच सप्लायवर ग्राउंडजवळचा सिग्नल त्याला घेता येत नाही. ओपीए३३३ सारखा झीरो-ड्रिफ्ट ऑप-अँप घेतलात तर ऑफसेट १० मायक्रोव्होल्टच्या आत येतो आणि हा विषय संपतो. चार पैसे जास्त गेले तरी मी तोच सुचवेन.

एलएम३५८ मध्ये आणखी एक धोका आहे. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साधारण साडेतीन व्होल्टला थांबतं. २२१ गेनला हे सुमारे ४१० अंश होतात. तुम्ही ४२० मागितलेत तर बोर्डाला ते कधीच दिसणार नाहीत आणि हीटर चालूच राहील. गेन कमी करा, २२० किलोओहमच्या जागी १५० बसवा, नाहीतर प्रोग्राममध्ये ४०० च्या वर जाऊच देऊ नका.

सेन्सरची वायर तुटली तर बोर्डाला बिट थंड वाटते आणि तो हीटर जाळतो. त्यासाठी इनपुटवर ५ व्होल्टपासून १ मेगओहम जोडतात, म्हणजे वायर तुटताच आकडा वर जाऊन हीटर बंद होतो. थर्मोकपल आणि ऑप-अँपची इनपुट पिन यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर असतो; हा १ मेगओहम त्याच्या अलीकडे, थर्मोकपलच्या बाजूला हवा. ऑप-अँपच्या पिनकडे जोडला तर त्या १० किलोओहमवरच ५० मिलिव्होल्ट तयार होतात आणि डिस्प्ले कायम कमाल आकड्यावर अडकतो. याच जागी गळतीही छळते. फ्लक्स किंवा बोर्ड कोरायचं फेरिक क्लोराइड नीट धुतलं गेलं नसेल, तर पावसाळ्यात ५ व्होल्टच्या ट्रॅकपासून पिनपर्यंत १० मेगओहमची वाट सहज तयार होते. एवढीशी गळती ५ मिलिव्होल्टची, म्हणजे १२० अंशांची चूक घालते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळू द्या, मगच मोजा.

आता खोटं थर्मोकपल तसंच ठेवून बल्ब चालू-बंद करा. आकडा एक-दोन अंशांपेक्षा जास्त हलता कामा नये. बल्बबरोबर उडी मारत असेल तर ग्राउंडचा ट्रॅक तपासा. ३५ मायक्रॉन तांब्याच्या ५ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद ट्रॅकचा रोध साधारण १२ मिलिओहम. हीटरचे २ अँपिअर त्यातून गेले की २५ मिलिव्होल्ट, म्हणजे थर्मोकपल ३५० अंशांवर देतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. मॉसफेटच्या सोर्सपासून एसएमपीएसच्या मायनसपर्यंत वेगळी जाड वायर टाका आणि सेन्सर, ऑप-अँप, नॅनो यांचं ग्राउंड त्या मायनसला एकाच ठिकाणी जोडा. वाचन हीटर बंद करून, पूर्ण २० मिलिसेकंदांची सरासरी घेऊन करा, म्हणजे मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुणही निघून जाते.

एसएमपीएसऐवजी २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि मोठा कपॅसिटर असेल तर सप्लाय आधी मोजा. तिथे ३२ ते ३४ व्होल्ट मिळतात, लाइन चढली की ३५ च्याही वर. नॅनोला ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरची मर्यादाच ३५ आहे. तो गेला की नॅनोलाही घेऊन जातो. शिवाय ५० वॅटच्या हीटरला जवळपास ९० वॅट बसतात.

हे सगळं जमलं की हँडल जोडा आणि बिटवर पडताळा घ्या. ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर वायर बरोबर १८३ अंशांना वितळते, ९९.३ टक्के कथील आणि ०.७ टक्के तांब्याची बिनशिशाची वायर २२७ ला. बारीक वायर टेकवून तापमान दोन-दोन अंशांनी वाढवत न्या आणि दोन्ही बिंदूंवरून प्रोग्राममधली रेषा बसवा. पीआयडीचे आकडे आता बदला, त्याआधी नाही.

हँडलची अर्थिंगची वायर मात्र कधीच मोकळी सोडू नका. एसएमपीएसचं आउटपुट तरंगतं असेल तर अर्थिंगच्या तुलनेत ते मेन्सच्या जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर उभं असतं. हाताला झिणझिण्या येतात आणि ज्या बोर्डावर काम चाललंय त्यावरचा मॉसफेट नकळत मरतो. प्लग काढून, प्लगच्या अर्थ पिनपासून बिटच्या टोकापर्यंत मोजा: २ ओहमच्या आत हवं.