सप्ताहातलं कीर्तन एमपी३मधून वेव्हमध्ये आणताना

परभणी-बीडकडच्या हरिनाम सप्ताहांतली कीर्तनं माझ्याकडे येतात ती बहुतेक मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. कुणाची एमपी३, कुणाची एम४ए, कुणाची व्हॉट्सअ‍ॅपची ओपस. स्टुडिओवाला मात्र वेव्ह (आवाज न दाबता ठेवणारी फाइल) मागतो. हे काम मी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. एमपी३ थेट उघडते. एम४एसाठी एफएफएमपेग लायब्ररी वेगळी टाकावी लागते, नाहीतर नुसता एरर येतो.

वेव्ह केल्यानं आवाज सुधारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दह्याचं पुन्हा दूध होत नाही. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३त १६ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्यावरचं बहुधा कापलेलंच असतं. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांच्या चित्रात) तिथून वर सगळं रिकामं दिसतं. सगळ्यात जास्त मार बसतो टाळांना, त्यांचा झंकार फिसकटतो. पखवाजाच्या थापेच्या क्षणभर आधी बारीक खरखर येते, तीही वेव्हमध्ये तशीच उतरते. मग हा खटाटोप कशाला? कापाकापी करून पुन्हा एमपी३ सेव्ह केली की दर वेळी थोडं आणखी गळतं. वेव्हमध्ये ती गळती थांबते.

जागा मात्र भरपूर लागते. ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची इतकी मापं), १६ बिट, स्टीरिओ म्हणजे मिनिटाला १०.६ एमबी, दोन तासांचं कीर्तन सव्वा जीबीच्या थोडं वर जातं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३त ११५ एमबी असतं. मोबाइलच्या स्टीरिओत पुष्कळदा दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो. तसं असेल तर सरळ मोनो करावं, फाइल निम्मी होते.

खरी गोम आवाजाच्या पातळीत आहे. मंडपातल्या भोंग्याजवळ ठेवलेल्या मोबाइलचं रेकॉर्डिंग आधीच काठोकाठ भरलेलं असतं. एमपी३ उलगडताना लाटांची टोकं मूळ मापापेक्षा किंचित वर जातात, शून्य डेसिबल या कमाल पातळीच्याही पुढे. थेट १६ बिटमध्ये काढलं की ती टोकं छाटली जातात आणि गजर फाटका वाजतो. म्हणून ट्रॅक ३२ बिट फ्लोटवरच (यात शून्याच्या वरची टोकंही टिकतात) ठेवायचा (ऑडॅसिटीत मुळात तोच असतो) आणि आवाज कमी-जास्त करणारं अ‍ॅम्प्लिफाय उघडायचं. तिथं उणे आकडा आला तर टोकं वर गेली आहेत असं समजावं. न्यू पीक उणे १ डेसिबल करून ओके दाबायचं. लाटांचे माथे मुळातच सपाट असतील तर माइक तिथंच फाटलेला असतो. त्याला उपाय नाही.

मग एक्स्पोर्टमध्ये वेव्ह, साइन्ड १६ बिट पीसीएम. पुढं बरंच एडिटिंग होणार असेल तर मी २४ बिट देतो. सॅम्पल रेट मूळ फाइलचाच ठेवायचा. ओपस ४८,००० वर उलगडते, तिला उगीच ४४,१०० वर आणू नये.

व्हिडिओशी जुळवायचं असेल तर आणखी एक: काही सॉफ्टवेअर एमपी३च्या सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांची शांतता सोडतात. तेवढी कापून टाकावी.

साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी, म्हणजे वरच्या मापानं पावणेसात तास. एफएटी३२ पेनड्राइव्हचीही तीच. रात्रभराचा हरिजागर असेल तर तुकडे पाडूनच काढावेत. एक्स्पोर्टमध्येच लाइट गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर अर्धी फाइल उडवून पुन्हा काढावी, जोडत बसू नये. लांबी मोबाइलच्या आकड्याशी ताडू नका. व्हीबीआर (बिटरेट बदलत राहणाऱ्या) एमपी३त तो आकडा चुकू शकतो. शेवटची दोन मिनिटं ऐकायची, आरती पुरी वाजली की फाइल पुरी. मूळ एमपी३ तरीही ठेवायची.