झिझेची सहल

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या आमच्या मराठी मंडळाचे गणपती, दिवाळी कुठल्याही मंडळासारखे. चकल्या मऊ पडतात एवढंच. आठवणी निघतात त्या जूनच्या सहलीच्या. गाव व्द्झिद्झे. पहिल्याच वर्षी कोणाची जीभ वळेना, म्हणून आमच्यात त्याचं 'झिझे' झालं.

काशूबिया म्हणजे उत्तर पोलंडमधला काशूबियन लोकांचा मुलूख; त्यातलं हे तळ्याकाठचं गाव. तळं हिमनदीने कोरलेलं, क्रुसासारखं चारी बाजूंना फुटलेलं. इथले लोक त्याला काशूबियाचा समुद्र म्हणतात. मंडळातल्या मालवणच्या काकू दरवर्षी पाण्यात बोट बुडवून चाटायच्या आणि विचारायच्या, "समुद्र? मगे मीठ खंय आसा?"

गावचे मास्तर इझिदोर गुल्गोव्स्की आणि त्यांची चित्रकार बायको तेओदोरा यांनी 1906 साली इथलं एक जुनं शाकारलेलं घर राखून ठेवलं. 1932 मध्ये ते जळालं, चार वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. आज भोवती अख्खं खुलं संग्रहालय आहे. पोरांना मात्र ते दहा मिनिटांत पुरायचं.

आम्ही जेवायचो एका आजींच्या अंगणात. आजीला काशूबियन भाषेत 'स्टार्का'. पुरणपोळी त्या आवडीने खायच्या, मग शिंगाची डबी पुढे करायच्या. आत तबाका, म्हणजे आपली तपकीर! अंगठ्याच्या बुडाशी चिमूटभर ठेवून ओढायची. नाही म्हणायची सोय नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी कपाटातून एक फोटो काढला. विशीतला पोरगा, अंगावर जर्मन गणवेश. मी गप्पच झालो. मी कोल्हापूरचा, दुसऱ्या महायुद्धातल्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीच्या गोष्टी ऐकत वाढलेला. पोलंडचं युद्ध आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज. पण ती माणसं सैबेरियातून सुटून आलेली; इथली तऱ्हाच निराळी. हा मुलूख हिटलरने सरळ जर्मनीला जोडला. 1939 मध्येच शिक्षक, पाद्री आणि आणखी हजारो माणसं पिआश्नित्साच्या जंगलात नेऊन मारली. मग आली जर्मन वंशाची यादी, म्हणजे इथल्या माणसांनी सही करून स्वतःला जर्मन म्हणवून घ्यायची. सही नाकारली तर छावणीची नाहीतर घरातून हाकलले जाण्याची धास्ती. केली तर पोरगं जर्मन फौजेत. काही जण फौजेतून पळाले आणि जंगलात जमिनीखाली खोदलेल्या खोल्यांत लपले. 'ग्रीफ पोमोर्स्की' ही गुप्त संघटना तिथूनच लढायची.

"हा थोरला भाऊ," स्टार्का म्हणाल्या. "धाकटा जंगलात होता."

त्याचा फोटो आहे का, असं मी विचारून बसलो.

"जंगलात फोटो कोण काढणार?"

डबी पुन्हा फिरली. काकूंनी या खेपेला जरा जास्तच ओढली आणि ओळीने सात शिंका दिल्या. स्टार्का एकेक शिंक मोजत होत्या, काशूबियनमध्ये.