आमची वाटचाल : निम्म्या दरापासून

अक्काला पोलिओ झाला तेव्हा ती दीड वर्षाची होती. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी. त्यांनी तिला हाताने फिरवायचं शिलाई मशीन आणून दिलं. गावभागातल्या आमच्या ओट्यावर बसून ती हळदीच्या नमुन्याच्या पिशव्या शिवायची, नगावर. बाहेरच्या शिंप्याला मिळायचं त्याच्या निम्मा दर तिला. "घरात बसूनच करतीय की!" एवढंच कारण. टाका मात्र तिचा जास्त बारीक असायचा.

आमची अपंगांची कार्यशाळा त्या निम्म्या दरातून उभी राहिली. धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली, दोन खोल्या मिळाल्या, आणि पहिल्याच बैठकीत एक गोष्ट ठरली : देणगीच्या पैशातून जागा आणि यंत्रं घ्यायची, मजुरी मात्र विकलेल्या मालातूनच द्यायची, आणि तीही बाजारभावाने. पहिली दोन वर्षं याच नियमाने आम्हाला रडवलं. महिन्याअखेरीस पैसे कमी पडायचे, कुणीतरी म्हणायचं, देणगीतले घ्या थोडे. घेतले नाहीत.

माणसाला यंत्रापुढे बसवण्याऐवजी यंत्र माणसापुढे आणायचं, हे अक्काने शिकवलं. शिलाई मशीनला मोटार लावली आणि पायाचं पेडल टेबलाच्या कडेला, कोपराने दाबता येईल असं बसवलं. कर्णबधिर मुलींसाठी जेवणाच्या सुट्टीच्या घंटेबरोबर दिवा लावला. न दिसणाऱ्यांना पिशवी मापात कापता यावी म्हणून लाकडी फर्मा केला.

हळदीचं काम मात्र आम्हाला अण्णांनी मिळवून दिलं. अण्णांना जन्मापासून दिसत नाही. वाळवून पॉलिश केलेल्या हळदीतून गोल गड्डे आणि लांबट हळकुंडं वेगळी करावी लागतात. ते काम त्यांची बोटं डोळसांपेक्षा कमी वेळात करायची. एकदा एका व्यापाऱ्याच्या पोत्यातलं हळकुंड त्यांनी मोडलं आणि म्हणाले, "यात ओल हाय." नीट वाळलेलं हळकुंड खणकन मोडतं, ओल राहिली की आवाज दबका येतो. ते पोतं उपसलं, खालचा माल खरंच ओला निघाला. त्यानंतर तो व्यापारी निवडीचं काम आमच्याकडे द्यायला लागला, आणि अण्णांच्या कानाचे वेगळे पैसेही.

२०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि कापडी पिशव्यांची मागणी अंगावर आली. त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवी मशीनं घेतली.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मशीनं आणि कापड टेबलांवर चढवून ठेवलं होतं, सगळं बुडालं. त्याहून मला लागलं ते वेगळंच. घरं सोडा म्हणून भोंग्यावरून सांगत गाडी फिरली, पण आमच्या दोन कर्णबधिर बहिणींना ती ऐकूच आली नाही. शेजारणीने दार वाजवून उपयोग नव्हता, ती खिडकीतून आत शिरली म्हणून त्या बाहेर पडल्या. ही चूक माझी होती. मी माल वर चढवत बसलो, माणसांची यादी केली नाही. आता पाणी ३० फुटांवर गेलं की खुणांच्या भाषेतला व्हिडिओ कॉल प्रत्येकीला जातो, आणि मगच मालाला हात लागतो.

त्यानंतर आम्ही कुपवाडला उंचावर आलो. टाळेबंदीत मास्क शिवले. त्यात एक अडचण आमच्या मुलींनीच दाखवली : तोंड झाकलं की ओठ दिसत नाहीत, मग त्यांनी बोलणं वाचायचं कसं? पारदर्शक पट्टीचे मास्क त्यांनीच बेतले. कर्णबधिरांच्या शाळेने ते घेतले.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यात स्वमग्नताही आली. आता बौद्धिक अपंगत्व असलेली, स्वमग्न मुलंही कामाला येतात. पूर्वी आईवडील विचारायचे, "ठेवून घ्याल का हो?" परवा एका आईने आधी मजुरीचा दर विचारला. मला फार बरं वाटलं.

जागा पुन्हा अपुरी पडतेय. शेजारचा वरचा मजला स्वस्तात मिळत होता, पण लिफ्ट नाही. अक्काने बघायलाही नकार दिला. तळमजल्याचं एक गोडाऊन पाहिलंय, उंबरा काढून उतार बांधून द्यायला मालक तयार आहे.