पान 190 नंतर

मॅडमचा, म्हणजे माझ्या पुस्तकाच्या एजंटचा, माझ्या कादंबरीबद्दलचा मेल काल रात्री आला आणि तेव्हापासून मी त्या रिकाम्या मार्जिनमध्येच अडकून आहे. पत्र मोठं आहे, मन लावून लिहिलेलं आहे, वर्डच्या फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस, पहिल्या प्रकरणापासून कॉमेंट्सच कॉमेंट्स. "माई इथे गप्प का आहे? राग आलाय की घाबरलीय? मला दोन्ही वाटलं." अशा. आणि पान 190 नंतर काहीच नाही. स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही. माईचा सही करायला नकार, नागपूरच्या महाल भागातला तिचा वाडा विकला जाणं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तेच नेमकं कोरं.

दादा म्हणे, आवडलं असेल ना, म्हणून काही लिहिलं नाही. पण आवडलं की मॅडम लिहितात, वाक्याच्या बाजूला नुसतं "हो" लिहितात. तेही नाही. काऊन नाही? कंटाळल्या? तिथवर पोचल्याच नाहीत? दुपारभर कूलरसमोर बसून मी तीच पानं खालीवर करून राहिले होते, आणि इतकं एकटं वाटलं ना बाप्पा, की वाटलं आपण वर्षानुवर्षं भिंतीशी बोलतोय. आईच्या रिपोर्टचंही डोक्यात होतंच, पण ते आज नको.

बाबांचं नेहमीचं, मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, हे एजंट कशाला. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून, बाबा. आणि हस्तलिखितावर काम करणारं कोणीतरी तेव्हाही लागायचंच की, 'सत्यकथा' मासिक 1982 मध्ये बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हेच तर करत होते, लेखकाच्या मागे लागून लिहून घेत होते. फक्त ते संपादक होते, मॅडम माझ्या बाजूने प्रकाशकाशी बोलणार. पुस्तक विकलं गेलं तर माझ्या पैशातले 15 टक्के त्यांचे, नाही गेलं तर हे सगळं वाचणं फुकट. वाचायची फी त्यांनी मागितली नाही, चांगले एजंट मागतच नाहीत. हे आठवलं आणि 'वाचलंच नसेल' हा विचार तरी गेला.

संध्याकाळी पत्र परत वाचलं, हळूहळू. त्या म्हणतात जावयाला आधी आणा, कर्जाचं माईला वाडा विकायच्या कितीतरी आधी कळू दे. आता तिला आधीच कळलं तर माझा शेवट तसा राहतच नाही, तो नकार, ती सही, सगळं नव्याने लिहावं लागणार, मग त्या पानांवरची वाक्यं त्या आत्ता कशाला दुरुस्त करतील? आधी सांगाडा, भाषा नंतर, कामाची रीतच तशी असते. पटलं. तरी "हे पुढच्या खेपेला बघू" एवढं एक वाक्य टाकलं असतं तर माझी रात्र गेली नसती, हे वाटायचं राहत नाही, गुरुवारच्या कॉलवर सांगणारच आहे.

आणि दुसरं विचारायचंय, जेवताना सुचलं. माईला कर्जाचं सगळं माहीत असतं आणि तरी ती स्वतःहून सही करते, असं केलं तर? मग जावयाला तिच्याकडे बघताच येणार नाही. तो प्रसंग उद्या सकाळीच लिहून बघते, कॉलच्या आधी मॅडमना पाठवता येईल.