सरकत्या दाराला रंधा लावू नका

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीत सुताराला बोलावणी सुरू होतात. लाकडी दारं फुगतात, चौकटीत अडकतात, कड तासून घेतली की मोकळी होतात. बिजागरीच्या दाराला हा उपाय योग्यच आहे. पण तोच रंधा सरकत्या दारावर चालवलेला दिसला की मला फार वाईट वाटतं. शेजारी वॉर्डरोबच्या शटरची, म्हणजे सरकत्या दाराची, खालची कड अशीच तासून दिली होती. कडेची पट्टी गेली, आतला प्लाय उघडा पडला आणि पुढच्या पावसात तिथूनच ओल शिरून शटर खालून फुगलं. मुळात शटर मोठं झालेलंच नव्हतं. ते एका चाकाच्या बाजूने खाली बसलं होतं, आणि ती बाजू एका स्क्रूने वर घेता आली असती.

आमच्या नाशिकच्या घरात दोन तऱ्हेची सरकती दारं आहेत. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधलं दार वरच्या चॅनेलला, म्हणजे दार ज्यातून सरकतं त्या खाचेच्या पट्टीला, टांगलेलं आहे. माझे सासरे वॉकर घेऊन चालतात. जमिनीवर चॅनेलची पट्टी आली की वॉकर अडतो, म्हणून ते मुद्दाम तसं करून घेतलं. बेडरूममधल्या कपाटाची शटर्स मात्र खालच्या चाकांवर चालतात, वरचं चॅनेल त्यांना फक्त उभं धरून ठेवतं. पाना-पेचकस हातात घेण्याआधी दाराचं वजन वर आहे की खाली, हे बघायचं. जिथे वजन, तिथे बिघाड. उरलेल्या टोकाला सहसा फक्त दाराला रेषेत धरणारा गाईड असतो आणि त्याचा स्क्रू सैल झाला की दार खडखडतं किंवा झुलतं. तो घट्ट केला की काम झालं.

खालच्या चॅनेलमध्ये टॉर्च मारून बघा एकदा. आमच्याकडे डांबरगोळ्यांचे तुकडे, टिकल्या, ब्लाउजचे हुक, साडीवरून निखळलेले मणी असं सगळं निघतं. एक मणी चाकाखाली आला तरी जड शटर तिथे ठेच खातं. पण खरा त्रास देतात ते केस. चाकाच्या आसाभोवती ते गुंडाळत जातात, त्यात कपड्यांचा भुसका आणि धूळ बसते, आणि करड्या रंगाचं एक घट्ट कडं तयार होतं. मग चाक फिरायचं थांबतं. आपण ओढतो म्हणून दार सरकतं खरं, पण चाक नुसतं घसटत जातं आणि नायलॉन एकाच जागी झिजून सपाट होतं. तेवढं झालं की चाक बदलण्यावाचून इलाज नाही. त्याआधी लक्षात आलं तर भुवयांचा चिमटा आणि बारीक कात्री पुरते.

सफाई कोरडीच करावी. आधी रंगाचा सुका ब्रश, मग व्हॅक्यूमची बारीक नळी, शेवटी पेचकसाच्या टोकाला जुना पंचा गुंडाळून कोपरे. आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय की कपाटाजवळ फडकं घट्ट पिळून घ्या. ओल्या फडक्याने धूळ चॅनेलमध्ये ढकलली जाते, तिचा चिखल होतो आणि वाळला की तो खरवडून काढावा लागतो. शिवाय शटर एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) असेल तर खालच्या कडेला पाणी अजिबात नको. एमडीएफ एकदा फुगलं की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

आता तेल. खोबरेल तेलाची बोटं चॅनेलवरून फिरवायची सवय बऱ्याच घरांत आहे. दोन दिवस दार छान पळतं, मग त्या तेलावर धूळ चिकटते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ते चॅनेलमध्ये मेणासारखं बसतं. चॅनेलला तेल नकोच. कोरड्या फडक्यावर सिलिकॉन स्प्रे मारून ते फडकं एकदा फिरवलं तरी भरपूर झालं. चाकाचं बेअरिंग बंद प्रकारचं असेल तर त्यालाही तेल द्यायची गरज नसते.

सफाईनंतरही दार चौकटीला सरळ टेकत नसेल तर मग लेव्हल. दार चौकटीपर्यंत न्या, एका बोटाची जागा ठेवून थांबवा आणि ती फट वरपासून खालपर्यंत बघा. खाली फट कमी आणि वर जास्त, तर चौकटीपासून लांबच्या चाकाची बाजू खाली गेलीय, ती वर घ्या. वर फट कमी आणि खाली जास्त, तर चौकटीजवळच्या चाकाची बाजू वर घ्या. चौकट स्वतःच ओळंब्यात नसेल तर दार तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पाणसळ लावून दार सरळ केलं तरी डोळ्याला फट वाकडीच दिसते. मी तरी फटीचंच ऐकते.

कपाटाच्या शटरला हा स्क्रू खाली, बाजूच्या कडेत असतो, बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या टोपीखाली. काही ठिकाणी चौफुली स्क्रू, काही ठिकाणी ॲलन की लागते. दुसऱ्या कुणाला तरी पाचर घालून शटर किंचित उचलून धरायला सांगा, म्हणजे चाकावरचा भार हलका होतो आणि स्क्रूचं डोकं घासून जात नाही. पाव फेरा द्यायचा, दार चालवून बघायचं, मग पुढचा पाव. टांगलेल्या दाराला वर बोल्ट असतो: आधी चेकनट (बोल्टला जागेवर आवळून धरणारा नट) सैल करा, बोल्ट फिरवा आणि नट पुन्हा आवळा. हा नट सैल राहिला तर रोजच्या उघडझापीने बोल्ट हळूहळू फिरतो आणि दार परत खाली येतं.

वजनाचा हिशोबही करून ठेवावा. 7 बाय 3 फुटांचं 18 मिलिमीटर प्लायचं शटर साधारण 22-23 किलो भरतं. त्यावर 5 मिलिमीटरचा पूर्ण आरसा लावला की आणखी 24 किलो. म्हणजे वजन दुप्पट, आणि चाकं मात्र आधीचीच. आरसा हौसेने नंतर लावून घेतला आणि वर्षभरात शटर बसलं, हे मी नात्यातल्या घरांतही पाहिलंय. आरसा लावायचाच असेल तर आधी चाकं जास्त वजनाची घ्या. जुनं चाक सोबत घेऊनच दुकानात जा, कारण खाचेचं चाक आणि सपाट चाक एकमेकांच्या चॅनेलवर चालत नाहीत. शटर काढायचं असेल तर दोघांनी. शटर चॅनेलमधून निसटू न देणारी क्लिप असेल तर ती आधी सोडवा, शटर वरच्या चॅनेलमध्ये उचला आणि मग खालची बाजू आपल्याकडे घ्या. आरशाचं शटर एकट्याने कधीही काढू नये.

नवीन दार करून घेताना सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा. वरचं चॅनेल झाकायला जी पट्टी लावतात, ती फेव्हिकॉल आणि खिळ्यांनी बसवू देऊ नका. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला ती तशीच होती आणि चेकनटला पाना लावायला ती तोडावी लागली. नवी पट्टी चार स्क्रूंवर बसवून घेतली आहे. त्या स्क्रूंची डोकी दिसतात, आमच्याकडे येणारे विचारतातही, पण आता बोल्टपर्यंत हात पोचायला पाच मिनिटं लागतात.