पुण्याचं कॉलेज बघायला जाताय? आधी फाटा ते गेट अंतर मोजा

माहितीपत्रकात लिहिलं होतं, "मुख्य रस्त्यापासून पाच मिनिटांवर". त्या पाच मिनिटांना आम्हाला सव्वा तास लागला आणि आबांचं, माझ्या आजोबांचं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत पुण्याकडचं कॉलेज लागलंय आणि सीट फ्रीझ (कायम) करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून यायचंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. कालच परभणीला परत आले. पाय अजून ठणकतायत, त्यामुळे काही ठिकाणी शब्द कडक वाटतील, पण ते मुद्दाम मऊ करणार नाही.

मला चौथा पसंतीक्रम लागला. हाती तीन दिवस होते. त्यात एक हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून ठरवायचं, फ्रीझ करायचं की बेटरमेंटसाठी, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतलं वरचं कॉलेज मिळतं का बघायला, थांबायचं. ज्यांना पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागतो त्यांची सीट आपोआप फ्रीझ होते, त्यांना पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून वरची एक-दोन कॉलेजं ऑप्शन फॉर्म भरायच्या आधीच बघून या. लागल्यावर बघून काही बदलत नाही. घरात खुरपणीचे दिवस, पप्पांना रान सोडता येईना. आबा म्हणाले, "मी येतो माय, मला काय काम आहे?" आबांना सत्त्याहत्तरावं चालू आहे.

इथं आमची पहिली चूक झाली, आणि पैशाच्या हिशोबात तीच सगळ्यात मोठी. शेजारच्या काकांनी सांगितलं, आबांना एसटीत त्रास होईल, ट्रॅव्हल्सनं आरामात जा. ऐन प्रवेशाचे दिवस होते. एका बर्थचे 1800, दोघांचे 3600 रुपये गेले. आता एसटीचं बघा. महिलांना सगळ्या एसटी गाड्यांत मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्यभर मोफत प्रवास आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं. म्हणजे आबांचे शून्य रुपये आणि माझे साध्या गाडीत साडेतीनशेच्या आत. येताना तसेच आलो. आधार कार्ड तेवढं मूळ ठेवा, कंडक्टर जन्मतारीख बघतात.

आणखी एक गोष्ट मला परत आल्यावर कळली, ती आधी माहीत असती तर मी त्या काउंटरवर बोलले असते. खासगी बसवाल्यांना एसटीच्या तशाच गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा 2018 चा निर्णय आहे. तक्रार आरटीओकडे करायची. त्यासाठी तिकीट हातात हवं. आम्हाला दिलेल्या चिठ्ठीवर रक्कमच लिहिलेली नव्हती. रक्कम लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

चिठ्ठीवर शिवाजीनगर लिहिलं होतं. पहाटे पावणेचारला क्लीनरनं पडदा ओढला आणि खराडी बायपासला उतरायला सांगितलं, गाडी पुढं जाणार नाही म्हणाला. पाऊस चालू, आबा अर्धवट झोपेत, त्यांची एक चप्पल बर्थखाली राहिलेली. ती मी रांगत जाऊन काढली तोवर गाडी हळूहळू चालायला लागली होती. खाली दोन रिक्षावाले थांबलेलेच. शिवाजीनगरचे 700 सांगितले. दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका. नगर रस्त्यानं येणाऱ्यांनी एवढंच करायचं: उजेडाच्या दुकानापाशी किंवा जिथं माणसं आहेत तिथं थांबायचं, पहाटेची पहिली पीएमपी (पुण्याची शहर बस) पकडून रामवाडीला जायचं, तिथून सहा वाजल्यापासून मेट्रो आहे. रामवाडी ते वनाज एकच मार्गिका, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये बदलायची गरज नाही. शिवाजीनगर किंवा स्वारगेटला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. मेट्रोत आबा खिडकीतून नदी बघत बसले. तो अर्धा तास छान गेला.

वनाजहून बस मिळाली. पीएमपीचा दिवसाचा पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीत 70 रुपयांना आहे, हद्दीबाहेर पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेशाच्या) भागात जायचं असेल तर 150 चा लागतो. कॉलेजच्या नावात पुणे असलं तरी ते हद्दीबाहेर असू शकतं, आमचं होतं. दोनच फेऱ्या करायच्या असतील तर साधं तिकीट काढा, पास परवडत नाही.

आता तो फाटा. चांदणी चौकाच्या बऱ्याच पलीकडे बसनं आम्हाला सोडलं. समोर कॉलेजची मोठी कमान. मला वाटलं, आलोच. कमानीखालच्या चहावाल्या मावशी म्हणाल्या, "कॉलेज इथं नाही, आत आहे. साडेचार किलोमीटर." आत जायला बस नाही. शेअर रिक्षा दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि सकाळी आत जाणारी माणसं कमी. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो, तिघंच झालो. स्पेशल रिक्षाचे 300 मागितले. आदल्या रात्री 3600 गेलेले, माझ्या हातून पुन्हा पैसे सुटेनात. आबाच म्हणाले, चल पायी.

रस्ता चढाचा आणि खडी क्रशरचा. मिनिटा-दोन मिनिटाला डंपर. रस्त्याला कडा नाही, बाजूला लाल पाणी भरलेला चर. डंपर आला की आबांचा दंड धरून मी त्यांना चराच्या काठावर घ्यायची, चाकाचं पाणी दोघांच्या अंगावर. माझी फाईल मी ओढणीखाली पोटाशी धरलेली. तिसऱ्या किलोमीटरला एका वळणावर आबा दगडावर बसले आणि म्हणाले, "रोज संध्याकाळी तू इथून एकटी येणार का?" पूर्ण सहलीतला कामाचा प्रश्न तो एकच होता. दिव्याचे खांब मी मोजले. फाट्यापासून गेटपर्यंत अकरा, त्यातले सात वळणाच्या अलीकडेच.

म्हणून माझं स्पष्ट मत: नकाशावर पुणे स्टेशन ते कॉलेज अंतर बघू नका. शेवटचा बसथांबा ते गेट एवढंच बघा, आणि ते एकदा पायी जा, गाडीनं नको. नातेवाइकाच्या गाडीतून कॉलेज बघून आलेल्यांचं मत ऐकू नका, त्यांना हा रस्ता दिसलेलाच नसतो.

आत कॉलेज चांगलं आहे, हेही खरं. लॅब उघडी होती, मशीन चालू होती, सर नीट बोलले. ऑफिसात फार वेळ घालवू नका. आम्ही कूलरपाशी पाणी प्यायला थांबलो तिथं दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली भेटल्या, त्यांच्याकडून दहा मिनिटांत सगळं कळलं. मेसचं पाणी कुठून येतं, लेक्चर किती होतात, कॉलेजबसचे वर्षाचे पैसे वेगळे भरावे लागतात. हॉस्टेलचं विचारलं तर ऑफिसात उत्तर आलं, "मिळेल." त्या मुली म्हणाल्या, मागच्या वर्षी यादी सप्टेंबरात लागली आणि तोवर त्या फाट्यावरच्या खोलीत राहिल्या. बाहेरगावच्या मुलीसाठी "मिळेल" म्हणजे मिळालं नाही, असंच धरा. तारीख विचारा, जागा किती ते विचारा, उत्तर ई-मेलवर मागा.

फीबद्दल दोन गोष्टी. शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला मंजूर केलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. ती बघून जा आणि ऑफिसात सांगितलेला आकडा शेजारी लिहा. मुलींनो, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल तर जुलै 2024 च्या निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल, मेस, बस त्यात नाही. त्यामुळे आपला खरा खर्च याच तीन ओळींत असतो, आणि ऑफिसात त्याच तीन ओळी सगळ्यात घाईनं सांगतात. बघायला जाताना आधार सोडून बाकी मूळ कागदपत्रं नेऊच नका, झेरॉक्स पुरते. "आलाच आहात तर जमा करून जा" म्हटलं तर नाही म्हणा.

परतीची एसटी शिवाजीनगरची. पण स्टँड आता शिवाजीनगरला नाही, 2019 च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलाय. मेट्रोच्या शिवाजीनगर स्थानकावर उतरून लगेच स्टँड दिसेल असं समजू नका, अर्धा तास हाताशी ठेवा. गाडी साधी होती, सीट सरळ. आबा रात्रभर झोपले, ट्रॅव्हल्सच्या बर्थवर झोपले नव्हते तेवढे.

एकूण 4300 च्या वर गेले, त्यातले 3600 फक्त जाण्याचे. दोन्हीकडून एसटी केली असती तर दोघांचं जाणं-येणं सातशेत आणि बाकी सगळं धरून अकराशेत झालं असतं, कारण भाकरी आणि ठेचा घरूनच होता.

सीट मी स्वीकारली, हजार भरले, पण फ्रीझ केली नाही. बेटरमेंट टाकलंय. नांदेडचं कॉलेज यादीत वर आहे, रविवारी ते बघून येणार, स्टेशनवरून गेटपर्यंत पायी.

तुम्हाला तरीही त्या बाजूच्या कॉलेजांना जायचं असेल तर ऑफिसचं काम सकाळीच उरका आणि चारच्या आत गेटबाहेर पडा. कॉलेज सुटतं तेव्हा शेअर रिक्षा पटकन भरतात, माणशी 30 रुपये घेतात. साडेसहानंतर एकही नसते.