राक्षसाने राजाला काय म्हणावं

दुपारी जेवणं उरकली, भांडी निथळत ठेवली आणि आयुष्यातली पहिली कादंबरी लिहायला बसले, आणि लिहिलं काय तर काहीच नाही, नकाशा काढला. फँटसी म्हटली की नकाशा लागतोच. पुस्तक उघडल्यावर पहिल्या दोन पानांवर डोंगर, नद्या आणि कोपऱ्यात होकायंत्र नसेल तर मला त्या गोष्टीत शिरताच येत नाही. तर उजवीकडे डोंगराची ओळ, डावीकडे समुद्र, मधून आखूड आखूड नद्या, खाड्या, आणि समुद्रात एक बेट, त्यावर किल्ला. कागद लांब धरून बघितला तर सरळ सरळ सिंधुदुर्ग जिल्हा, फक्त तालुक्यांची नावं घालायची बाकी.

यात माझा दोष नाही, तिसरीचा आहे. तिसरीत आम्हाला आपल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा आणि माझं पुस्तक चुलतभावाचं जुनं, त्यात नकाशा रत्नागिरीचा. तोवर १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झालेला. बाई म्हणाल्या, देवगड-कणकवलीच्या वरून लाल पेन्सिलीने रेघ मारा, खालचा तो आपला जिल्हा. मारली. माझी जरा वाकडी गेली आणि राजापूरचा एक तुकडा आपल्यात आला, बाकावरच्या मैत्रिणीच्या पुस्तकात तो पलीकडेच राहिला, मग राजापूर नक्की कोणाचं यावरून मधल्या सुट्टीत भांडण आणि दोन दिवस कट्टी. भाची हल्ली सारखं वर्ल्डबिल्डिंग वर्ल्डबिल्डिंग करत असते, म्हणजे गोष्टीसाठी अख्खं जग रचायचं, मी तिला सांगितलं की आम्ही ते शिसपेन्सिलीने केलंय.

या सगळ्यात मला ढकललं तिनेच. नॅनोरायमो म्हणे, म्हणजे नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ, नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, दिवसाला १,६६७. मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही, फक्त पुढे जायचं. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोकडे क्रिस बेटी नावाच्या माणसाने मित्रमंडळी जमवून हे सुरू केलं, पहिल्या वर्षी २१ जण होते, पुढे जगभरातून लाखो लोक लिहायला लागले. २०२५ च्या मार्चमध्ये संस्था बंद करतोय असं त्यांनी जाहीर केलं. पण नोव्हेंबर काही संस्थेच्या मालकीचा नव्हता, ज्यांना लिहायचं ते अजून लिहितात.

माझं भांडण महिन्याशीच आहे. पहिल्या वर्षी हे जुलैत झालं होतं, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात नेलं, का तर तेव्हा हवा खराब असते, माणूस मुकाट घरात बसतो. तिकडची हवा हो! आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे वर्षातली सगळ्यात बरी हवा, पहाटे गार, दुपारी ऊन सोसवेल इतपत, डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे, न वाचलेले दिवाळी अंक, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांच्या पत्रिका. जुलै काय वाईट होता? बाहेर धो धो आषाढ, मुहूर्त नाहीत, कोणी येत नाही, कोणी बोलवत नाही.

आणि मराठीत ५०,००० हा तसा अन्यायच. आपलं सगळं जोडून. इंग्रजीत लिहिणारा जिथे सहा शब्द पदरात पाडून घेतो तिथे माझं 'देवळामागच्या पायवाटेवरून' दोनच भरतं. भाची म्हणाली मग तोडून लिही ना मावशी, 'देवळा मागच्या', हल्ली सगळे तसंच लिहितात. लिहू देत. मला तसं लिहिलेलं दिसलं की दुकानाच्या पाटीवरसुद्धा खडूने जोडून यावंसं वाटतं.

बरं, लिहायला लागले तर पहिल्याच पानावर राक्षस राजाशी बोलणार होता. तू म्हणेल की तुम्ही? तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं. राक्षसाने 'अहो' म्हटलं की भीती संपली, 'अरे' म्हटलं की तो नात्यातला वाटायला लागतो. राजाचं नाव वज्रसेन, प्रधानाचं चंद्रकेतू, दोघंही पौराणिक मालिकेतून उरलेले, आणि बोलतात पण तसेच, 'राज्यावर घोर संकट आले आहे'. ते घोर संकट काय हे मलाच माहीत नसल्याने प्रधानजी पानंच्या पानं नुसते येरझाऱ्या घालत होते.

मग त्या नकाशात, जिथे वेंगुर्लं येईल तिथे, बोट थांबलं. आजीबरोबर एकदा आरवलीला गेले होते, वेतोबाच्या देवळात. केळ्यांचे घड, उदबत्त्या, आणि मुख्य म्हणजे चपला. नवसाच्या, चामड्याच्या, एकीत माझे दोन्ही पाय मावतील एवढ्या. तळ झिजलेले. मी विचारलं देवाच्या चपला झिजतात कशा, तर आजी म्हणाली, "गावभर फिरता तो रातचो, व्हाणो झिजतली नाय तर काय?" आणि लगेच बाहेर येऊन केळेवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायला लागली. मला त्या रात्री झोप नाही. प्रत्येक कुत्रं भुंकलं की वाटे, आला, आता आपल्या खळ्यातून चाललाय.

तर वज्रसेन गेला, राक्षस गेला. त्यांच्या जागी गाऱ्हाणं घातलं, एकजण देवापुढे गावाची तक्रार मांडतो आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे मिळून 'व्हय म्हाराजा'. शब्दसंख्येलाही बरं पडतं ते, दर वेळी दोन.

आणि मग डोक्यात आलं की नवस बोलणारा बोलतो, पण चपला करणारा कोण? माप कुणाचं घेतो? त्यालाच घेतला कादंबरीत. रात्री कंदिलाच्या उजेडात तो टाका घालतोय आणि देव वाटेत थांबून सांगतो, गेल्या खेपेची टाच चावता रे. इथे तू का तुम्ही असा प्रश्नच आला नाही. देवाला तूच म्हणतात, देवही त्याला तूच म्हणाला, दोघं पहाटेपर्यंत चामड्याबद्दल बोलत बसले आणि त्या दिवशीचे १,६६७ कधी झाले कळलंसुद्धा नाही.

पुढचा सीन सोपा होता. चपला तयार, देवळात नेऊन ठेवायच्या. 'तो पायऱ्या चढून आत गेला' असं लिहिलं आणि हात थांबला. हे राज्य कुठल्या काळातलं? चपला शिवणाऱ्याला आत जाऊ देतील? समुद्र कुठे ठेवायचा हे मी ठरवलं, नद्या मी ठरवल्या, तशी ही पायरीपण माझ्याच हातातली, एका वाक्याचा तर प्रश्न. पण आत नेला, तर इतक्या पिढ्या त्याला बाहेर उभं केलं ते मी आपलं गुपचूप खोडून टाकल्यासारखं होतं. आणि बाहेर उभा केला तर मग फँटसी कशाला लिहायची, ते तर झालेलंच आहे. आजीला मी चपला झिजतात कशा ते विचारलं, केल्या कोणी हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

भाचीला फोन केला. म्हणाली, मावशी, नोव्हेंबरात विचार करायचा नसतो, तो सीन सोड, पुढचा लिही, डिसेंबरात बघू.

पुढचा सीन देवळाच्या आतलाच आहे.